वेटिंग धरून

भंडाऱ्याच्या बसस्थानकाबाहेर उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीवाल्याला पवनीचं भाडं विचारा. आकडा सांगण्याआधी तो विचारतो, "सोडून यायचं, की वेटिंग धरून?" दिवसाची जात इथेच ठरते. सोडून दिलेला माणूस पवनीत उतरतो आणि उतरल्या उतरल्या परतीची एसटी किती वाजता, या विचाराला लागतो. ज्याची गाडी थांबलेली आहे तो जुन्या तटावर चढून नुसता बसू शकतो. मी भाड्याच्या गाडीचा मनापासून चाहता आहे, तो या बसण्यासाठी. गाडी नेते हे खरंच, पण नेणारी वाहनं पुष्कळ आहेत. थांबणारं वाहन हे एकच.

भंडारा जिल्ह्यात ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा लवकर कळते. मुंबई-हावडा रेल्वे जिल्ह्यातून जाते, पण भंडारा रोड स्टेशन आहे वरठीला आणि तुमसर रोड आहे देव्हाडीला. दोन्ही आपापल्या शहरांपासून लांब. राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, लाखनी, साकोली करत छत्तीसगडकडे निघून जातो. पाहण्यासारखं जे आहे ते या दोन्हींपासून बाजूला, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर पसरलेलं. एसटी प्रत्येक तालुक्याच्या गावी पोचवते, काळीपिवळी भरली की सुटते. मोहाडीहून आंधळगाव, तिथून गायमुख, तिथून आंबागड असा तिरपा प्रवास मात्र यांपैकी कुणालाच सोयीचा नाही.

शिवाय अजिंठ्यासारखं एकटं ठिकाण इथे नाही, की तिथे गेलं आणि दिवस भरला. इथली ठिकाणं लहान, संथ आणि एकमेकांपासून दूर आहेत. त्यांचा दिवस जुळवावा लागतो. कुठून सुरुवात करायची, काय गाळायचं, भर उन्हात कुठे असायचं आणि ऊन उतरताना कुठे, ही सगळी रचना आहे आणि ती रचणारा समोरच्या सीटवर बसलेला असतो. चांगल्या ड्रायव्हरचा दिवस मी एखाद्या कलाकृतीसारखा न्याहाळतो, कारण त्यात तेवढीच निवड असते.

व्यवहारापासूनच सुरुवात करू, कारण रस तिथेही आहे. शहरात चालणारा 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' हा हिशेब इथे पुरत नाही. भंडाऱ्याहून पवनी करून गोसीखुर्द पाहून आलं की ऐंशी किलोमीटर कधीच संपलेले असतात. मग बोलणी दिवसाच्या भाड्यावर येतात. डिझेल धरून की वेगळं, टोल कुणाचा, ड्रायव्हरचं जेवण कुणाकडे, रात्री नऊनंतर काय. माझा सल्ला असा, की किलोमीटरवर घासाघीस करायची असेल तर करावी, तासांवर करू नये. तास कापले की थांबणं कापलं जातं आणि मग आपण सोडून येण्याच्याच भावात येऊन बसतो. पाटी पिवळी आहे ना, हेही पाहावं. पांढऱ्या पाटीची घरची गाडी स्वस्तात मिळते, पण तिला भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना नसतो आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. एमएच ३६ म्हणजे भंडाऱ्याची गाडी. नागपूरहून आलेली एमएच ३१ किंवा ४९ वाईट असते असं नाही, पण तिच्या ड्रायव्हरला महामार्गावरून आत कुठे वळायचं हे विचारत जावं लागतं. विचारण्यात दिवस जातो.

दिवसाची ही बोली फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इटली पाहायला निघालेले प्रवासी 'वेत्तुरीनो' म्हणजे घोडागाडीवाल्याशी संपूर्ण प्रवासाचा करार करत. वाटेतलं जेवण आणि रात्रीचा मुक्कामसुद्धा पुष्कळदा त्यात धरलेला असे आणि गाडीवाला नीट वागला तर शेवटी खुशीची रक्कम वेगळी. आपल्याकडे जत्रेला जायला रेंगी ठरवत, तेव्हा बैलांचा चारा कुणाचा हे आधी बोलून घेत. आज चाऱ्याच्या जागी डिझेल आलं आहे. बोलण्यातली सावधगिरी आणि बोलणं संपल्यावरचा विश्वास दोन्ही तसेच आहेत.

गाडी कुठली, यावर मी फार वेळ घालवत नाही. डांबरी रस्त्यांना डिझायर उत्तम. पावसाळ्यात किंवा आंबागडाच्या बाजूला बोलेरो बरी, कारण ती उंच आहे आणि उंचीमुळे बांध्यांपलीकडचं पाणी दिसतं. जुन्या अॅम्बॅसॅडरचं मागचं सीट आणि तिची मोठी खिडकी यांची बरोबरी कुणी केली नाही, पण २०१४ साली तिचं उत्पादनच थांबलं.

डॅशबोर्ड मात्र वाचण्यासारखा असतो. देवाची छोटी मूर्ती सगळीकडेच असते. इथे तिच्याबरोबर दुसरंही काही दिसतं. एखाद्या काचेवर 'परमात्मा एक' लिहिलेलं असतं. बाबा जुमदेवांचा मानव धर्म मानणारी कुटुंबं या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांचा दारूबंदीचा नियम कडक आहे. एखाद्या गाडीत बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी असतात. एखाद्या गाडीत नागपूरच्या ताजुद्दीन बाबांची तसबीर, आणि गाडीवाला हिंदू. कुणाला काही न विचारता या भागाची माणसं कशी राहतात याचा पहिला परिच्छेद आपण तिथे वाचतो.

आता रचना. जिल्ह्याच्या तीन दिशा आहेत. दक्षिणेला पवनी, उत्तरेला तुमसर, पूर्वेला साकोली. तिन्ही एका दिवसात उरकतो असं सांगणारा ड्रायव्हर घेऊ नये. जाणता माणूस म्हणतो, एका दिवशी एक बाजू. मला सगळ्यांत आवडते ती दक्षिण, आणि ज्याने ती मला पहिल्यांदा नीट दाखवली त्याच्या मांडणीवरच मी बोलतो.

माझ्याकडची यादी नकाशाच्या क्रमाने होती. कोरंभी, अड्याळ, गोसीखुर्द, रुयाड, पवनी. त्याने ती ऐकून घेतली आणि शांतपणे फिरवली. पवनी आधी, सकाळीच, कारण तिथल्या जगन्नाथ टेकडीवर सावली नाही. धरण शेवटी, कारण उन्हात धरणाचं पाणी डोळ्यांना लागतं आणि भिंत नुसती भिंत दिसते. कोरंभीची पिंगलेश्वरी परतीच्या वाटेवर, जमलं तर. अड्याळच्या हनुमानाला जाताना दोन मिनिटं, कारण तिथे तो स्वतः थांबतोच. या क्रमात त्याची भक्ती, उन्हाचा हिशेब आणि माझ्या पायांचा अंदाज तिन्ही होते आणि त्यातलं काहीही त्याने बोलून दाखवलं नाही.

पवनी हे थांबणाऱ्याचं गाव आहे. तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. गावात देवळं इतकी, की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७२ साली निघाला. वर जगन्नाथाचं देऊळ असलेल्या टेकडीच्या पोटात प्राचीन बौद्ध स्तूप निघाला, व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली होती. इथेच मिळालेला महाक्षत्रप कुमार रुपिअम्माचा स्तंभ आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे.

म्हणजे जे नेण्यासारखं होतं ते पुष्कळसं गेलं. टेकडीवर उरली आहे ती माती, विटा आणि आकार. घाईत आलेला माणूस इकडे तिकडे पाहतो, फोटो काढतो आणि म्हणतो, इथे काहीच नाही. त्याचं चूक नाही, कारण पाच मिनिटांत इथे खरोखरच काही नाही. अर्ध्या तासाने टेकडीची गोलाई डोळ्यांना कळू लागते. मग तट कुठून कुठे जातो ते दिसतं, खंदकाचं पाणी कुठे साचलं आहे ते दिसतं, आणि नदीकाठचं हे नगर वैनगंगेच्या वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांना केवढं मोठं वाटत असेल, ते ध्यानात येतं. सातवाहनांच्या काळात इथे दान देऊन आपलं नाव दगडावर ठेवणारी माणसं कुठून कुठून आली असतील, हा विचार करायला वेळ लागतो. मी खाली पाहून हात केला, उशीर होतोय का असा. तो कडुलिंबाखाली गाडी लावून बसला होता. तिथूनच म्हणाला, "काऊन घाई करता जी? गाडी इथंच आहे."

या एका वाक्यासाठी मी दिवसाचं भाडं आनंदाने देतो. त्यातला 'जी' हा झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखाचा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ज्या झाडीबोलीसाठी आयुष्यभर काम केलं, ती बोली बाहेरच्या माणसाच्या कानावर सर्वांत निवांतपणे पडते ती गाडीत. सभेत किंवा दुकानात तिचा बोलणारा आपल्याशी बोलताना पुस्तकी मराठीकडे झुकतो. गाडीत, रस्त्याकडे पाहत, फोनवर घरच्यांशी दोन शब्द बोलताना ती सुटी होते.

रुयाडचा महास्तूप पवनीजवळच आहे, अलीकडच्या काळात जपानी बौद्धांच्या मदतीने उभा राहिलेला. पवनीची टेकडी आधी पाहिली असेल तरच तो पुरता पोचतो. जे मातीत गेलं ते पुन्हा पांढऱ्या घुमटाच्या रूपाने शेतांतून वर आलेलं दिसतं. उलट क्रमाने पाहिलं असतं तर टेकडी फिकी पडली असती. ड्रायव्हरची मांडणी मला इथे पूर्ण कळली.

मग गोसीखुर्द. इंदिरा सागर हे त्याचं कागदावरचं नाव, बोलण्यात गोसे किंवा गोसीखुर्द. १९८३ साली या प्रकल्पाचा अंदाज ३७२ कोटींचा होता, पुढे तो हजारो कोटींवर गेला. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. ३३ दरवाजे. पावसाळ्यात ते उघडतात तेव्हा लोक दुरून बघायला येतात. हे सगळं कुठल्याही माहितीपत्रकात सापडतं.

ड्रायव्हरने धरणाच्या अलीकडेच, रस्त्याच्या कडेला, माझ्या यादीत नसलेल्या जागी गाडी थांबवली. समोर पसरलेलं पाणी होतं, त्यात वाळलेल्या झाडांचे शेंडे. "आमचं गाव बुडीतात आहे," तो म्हणाला आणि पाण्यातल्या एका जागेकडे बोट केलं. त्याचा आवाज जराही बदलला नाही. शाळा कुठे होती, मामाचं घर कुठल्या बाजूला, पोळ्याला बैल कुठे उभे राहायचे, हे त्याने पाण्यावर बोटाने आखून दाखवलं. मग पुनर्वसनाचं गाव दाखवलं. सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, अजून लहान असलेली झाडं. मोबदल्याच्या पैशातून त्याने पहिली गाडी घेतली. जमीन गेली आणि स्टिअरिंग हातात आलं, असे गाडीवाले या पट्ट्यात भेटतात. धरण पाहायला येणाऱ्यांना तेच धरणावर नेतात. मला त्याच्याबद्दल कणव वाटली नाही, आदर वाटला. आपल्या बुडालेल्या गावाचा नकाशा त्याने अनोळखी माणसासमोर उलगडला, आणि त्यासाठी जागाही अशी निवडली की तिथून सगळं दिसावं. त्यानंतर पाहिलेले ३३ दरवाजे मला वेगळे दिसले.

दुपारच्या जेवणाची गोष्ट सांगायची राहिली. चांगला ड्रायव्हर आपल्याला चकचकीत ठिकाणी नेत नाही आणि स्वतः एका बाजूला बसत नाही. त्याला माहीत असलेल्या भोजनालयात भात सुटसुटीत असतो. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा वास वाढतानाच येतो, पण साध्या ताटात तो रोज नसतो, विचारावं लागतं. वांग्याची भाजी, वरण, ठेचा, आणि तलावातले झिंगे मिळाले तर ते. मी त्याला समोर बसायला सांगतो. इथे एकटं बसवून जेवू घालणं वाईट दिसतं. जेवणानंतर तो पाच मिनिटं बाहेर जातो, खर्रा घोटतो, चूळ भरून मगच गाडीत बसतो. गाडीत न थुंकणारा आणि काच खाली करून न थुंकणारा ड्रायव्हर मिळाला की त्याचा नंबर जपून ठेवावा.

आणि तलाव. त्यांच्यासाठी वेगळा थांबा ठरवावा लागत नाही, ते वाटेत येतच राहतात. हा तलावांचा जिल्हा आहे आणि यातले असंख्य तलाव कोहळी समाजाने बांधले, गोंड राजांच्या काळात. उतार बघून मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी धरायचं, धानाला सोडायचं. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले आणि १९५१च्या सुमारास मालगुजारी गेल्यावर सरकारी दफ्तरात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून नोंदले गेले. बोलण्यात त्यांचे मामा तलाव झाले. ड्रायव्हर पाळीवर गाडी चढवतो, आपण न सांगता. दिवाळीच्या आसपास तिथे ढिवर बाया शिंगाडे घेऊन बसलेल्या असतात, उकडून काळे झालेले. पाण्यात उतरून ते काढणं किती कष्टाचं आहे ते पाळीवरून दिसतं. भाव करू नये असं ड्रायव्हर डोळ्याने सुचवतो. ठिकाणांच्या मधला हा भाग मला ठिकाणांइतकाच मोलाचा वाटतो. पंगतीत जाणता वाढपी मागायच्या आधी पानावर भात वाढतो, तशी ही पाळ समोर येते.

संध्याकाळ हातात उरली तर आंभोरा. तो नागपूर जिल्ह्यात, कुही तालुक्यात. पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये विवेकसिंधू इथे लिहिला असं इकडे मानतात, आणि अंबाजोगाईचे लोक तो तिकडे लिहिला असं मानतात. २०२४ साली खुला झालेला केबलचा पूल आता भंडाऱ्याच्या बाजूने थेट तिकडे नेतो. मनोऱ्यांच्या दरम्यान उंचावर प्रेक्षकांसाठी केलेली दीर्घा आहे, आणि गर्दी तिच्यासाठीच असते. माझा ड्रायव्हर पुलावर थांबला नाही. पूल ओलांडून देवळाच्या पायथ्याशी नेलं आणि म्हणाला, पूल इथून बघा. खालून पाहिल्यावर पूल, डोंगर आणि धरणाचं फुगलेलं पाणी एका नजरेत आलं.

उत्तरेचा दिवस वेगळ्या चवीचा. मोहाडीची चौंडेश्वरी, मग आंधळगावचे कोसा विणणारे. जंगलात ऐनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबं कोसाच्या अळ्या वाढवत आली, त्यांच्या कोशांचा धागा कोष्ट्यांच्या मागावर येतो. करवती काठाचं लुगडं विणताना तीन धोटे चालतात, म्हणून काठाचे दाते अंगाच्या रंगात घट्ट गुंततात. दोन बोटं काठ पुढे सरकलेला पाहायलाही वेळ लागतो. ज्याची गाडी बाहेर घाई करते आहे त्याला तो दिसत नाही. पुढे आंबागड, सातपुड्याच्या कुशीत, १७०० सालच्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या राजा खान पठाण या सरदाराने बांधलेला. भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला आणि कैद्यांना आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजत, अशी कथा इंग्रजी अमलातल्या गॅझेटिअरात नोंदलेली आहे. त्याच बाजूला चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी. धुळीने काळपट झालेले ट्रक समोरून येऊ लागले की ड्रायव्हर न सांगता काचा वर घेतो. परतताना माडगी, वैनगंगेच्या पात्रात खडकावर नरसिंहाचं देऊळ. नदीला पाणी किती आहे हे त्याने सकाळीच कुणाला तरी फोन करून विचारलेलं असतं. मोबाइलचा नकाशा हे विचारत नाही.

पूर्वेबद्दल थोडक्यात. साकोलीहून पिटेझरीच्या फाटकापर्यंत गाडी नेते, पुढे नागझिऱ्यात जिप्सी. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' वाचून गेलेल्या माणसाला जंगल थोडं आधीच ओळखीचं असतं. तिथे ड्रायव्हरचं काम फाटकाशी संपतं, आणि म्हणून दिवसाची रचनाही वनखात्याच्या वेळापत्रकाची असते. मला तो दिवस आवडतो, पण तो भाड्याच्या गाडीचा दिवस नव्हे.

वाईट ड्रायव्हर कसा ओळखावा? तो दोन ठिकाणांमध्ये गाडी पळवतो. ठिकाणावर पोचल्यावर इंजिन बंद करत नाही. परतीचा रस्ता जातानाचाच घेतो. यातली मधली खूण सर्वांत पक्की. इंजिन बंद झाल्याचा आवाज आला की समजावं, हा माणूस थांबायला तयार आहे.

हिशेब करताना त्याने मीटरचे आकडे दाखवले, डिझेलची पावती दिली, टोलच्या पावत्या वेगळ्या ठेवल्या. थांबलेल्या तासांचं वेगळं काही लावलं नाही. मी ते आपणहून दिलं आणि त्याने ते न नाकारता घेतलं, जे मला फार योग्य वाटलं. मग मी दिवाळीनंतर तुमसरच्या बाजूला यायचं म्हणालो. त्याने मान हलवली. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे इकडच्या जत्रा, सुरू होतात, रात्री दंडार आणि नाटकं, पाहुणे, माहेरवाशिणी. जिल्ह्यातली एकही गाडी मोकळी नसते. तेव्हा यायचं तर दसऱ्यालाच सांगून ठेवा, तो म्हणाला, आणि एक मंडई बघायची असेल तर रात्रीचंही वेटिंग धरा.